औषधातील रंगाची किंवा प्रिझर्व्हेटिव्हची ॲलर्जी : मुलाला सिरपऐवजी काय द्यावे?

प्रश्न – एक आई, शाहूपुरी, कोल्हापूर
माझा मुलगा साडेचार वर्षांचा असून त्याचे वजन १६ किलो आहे. पावसाळ्यात तापासाठी पॅरासिटामॉलचे गुलाबी सिरप दिल्यावर अर्ध्या तासात त्याच्या पोटावर गांधी उठल्या. दिवाळीच्या सुमारास खोकल्याच्या नारिंगी सिरपने पुन्हा तेच झाले आणि या वेळी ओठही सुजले. मधल्या काळात पॅरासिटामॉलची पांढरी गोळी विरघळवून दिली होती, तेव्हा मात्र काहीही झाले नाही. दोन्ही बाटल्या मी जपून ठेवल्या आहेत. एकीवर कारमोइसिन आणि दुसरीवर सनसेट यलो हे रंग छापलेले आहेत, पण प्रिझर्व्हेटिव्हचे (औषध खराब होऊ नये म्हणून घातलेल्या घटकाचे) नाव कुठेच नाही. दोष नेमका कशाचा, हे कसे ओळखावे?

उत्तर – औषधविक्रेता, लक्ष्मीपुरी
ताई, बाटल्या टाकून दिल्या नाहीत हे फार चांगले केलेत. लेबलवर ‘फ्लेवर्ड सिरप बेस’ एवढेच लिहिलेले असते, त्या तीन शब्दांत साखर, स्वाद, सोडियम बेन्झोएट किंवा मिथाइल पॅराबेनसारखे प्रिझर्व्हेटिव्ह असे बरेच काही सामावलेले असू शकते. बॅच क्रमांक देऊन उत्पादकाच्या छापील पत्त्यावर लेखी विचारणा करावी. दुकानात ‘औषध तेच आहे, फक्त कंपनी वेगळी आहे’ असे कोणी म्हणाले, तर तिथेच थांबावे, कारण मूळ औषध तेच असले तरी रंग आणि प्रिझर्व्हेटिव्ह कंपनीनुसार बदलतात. ॲलर्जीवर दिल्या जाणाऱ्या सिरपमध्येही हेच घटक असू शकतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

उत्तर – बालरोगतज्ज्ञ
कारमोइसिन आणि सनसेट यलो हे दोन्ही ॲझो गटातील, म्हणजे एकाच प्रकारची रासायनिक रचना असलेले कृत्रिम रंग असल्याने आपला संशय रास्त आहे. तरीही विषाणूजन्य तापात औषधाविनाही गांधी उठतात, म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. अशा घटकांसाठी त्वचेवरील चाचणी फारशी भरवशाची नसते. रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली अल्प मात्रेपासून चढत्या क्रमाने औषध देऊन पाहणे, हाच खात्रीचा मार्ग आहे. ओठ सुजलेले असल्यामुळे हा प्रयोग घरी कदापि करू नये. गोळी देतानाही अंदाजाने तुकडा करू नये. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या मुलासाठी १६० ते २४० मिलिग्रॅम होते आणि ५०० ची अर्धी गोळी त्याहून जास्त भरते. श्वास घेताना त्रास होऊ लागला, वारंवार उलट्या झाल्या किंवा मूल निपचित पडले, तर १०८ ला फोन करावा. त्या वेळी मांडीत दिलेले ॲड्रिनालिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार असतो, ॲलर्जीच्या सिरपची वाट पाहू नये.

उत्तर – एक आई, राजारामपुरी
माझ्या मुलीचे डोळे थेंबांमधील बेन्झाल्कोनियम क्लोराइड या प्रिझर्व्हेटिव्हमुळे लाल होत असत. डॉक्टरांनी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या, एकदाच वापरायच्या कुप्या लिहून दिल्यापासून तो त्रास थांबला. पण खरी अडचण घरातच येते. जोतिबाच्या यात्रेला गेलो असताना आजीने मायेपोटी पिशवीतले जुने थेंब तिच्या डोळ्यांत घातले होते. तेव्हापासून घटकाचे नाव मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेले एक कार्ड कपाटाच्या दारावर, एक दप्तरात आणि एक आजीच्या बटव्यात ठेवले आहे. औषधाचे नाव लिहू नका, घटकाचेच लिहा.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. आज घरातील सगळी औषधे बाहेर काढून पाहिली, तेव्हा गेल्या वर्षी आणलेल्या, न उघडलेल्या जंतांच्या औषधावरही सनसेट यलो छापलेले दिसले. ती बाटली आणि आधीच्या दोन्ही बाटल्या घेऊन सोमवारी डॉक्टरांकडे जात आहे.