शब्दचर्चा : ‘करिश्मा’ आणि ‘प्रतिनिधित्व’ (सुपरहिरोंच्या निमित्तानं)

नौपाडाकर

आमचा ठाण्यात सिनेमावेड्यांचा एक कट्टा आहे. पुढच्या बैठकीचा विषय ठरला आणि एका उत्साही मित्रानं ग्रुपवर फलक टाकला : ‘सुपरहिरोपटांतील प्रतिनिधित्व आणि नायकाचा करिश्मा’. वाचून वाटलं, बैठक कुठल्या तरी पक्षाच्या शाखेत आहे. ‘प्रतिनिधित्व’ म्हटलं की मला वॉर्ड आठवतो आणि ‘करिश्मा’ म्हटलं की मतमोजणी.

विषय चांगला आहे. ‘ब्लॅक पँथर’पासून मल्याळी ‘लोका’पर्यंत बरंच बोलता येईल. पण हेच आपल्या बोलीत कसं म्हणाल? नट पडद्यावर आला की नजर हलत नाही, ते काय असतं? आणि आपल्यासारखं माणूस नायक म्हणून दिसणं, याला ‘प्रतिनिधित्व’च म्हणायचं का?

कोशवेडा, वाशी

‘करिश्मा’ची गंमत अशी, की तो दोन घरचा पाहुणा आहे. फारसीतला हा शब्द मुळात नखरा, नेत्रकटाक्ष अशा अर्थाचा. हिंदी-उर्दूत तो चमत्कार झाला. इंग्रजीतला कॅरिस्मा ग्रीक ‘खारिस’वरून आला, खारिस म्हणजे कृपा, म्हणून कॅरिस्मा म्हणजे देवानं दिलेली देणगी. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरनं सत्तेचे प्रकार सांगताना तो वापरला : परंपरेनं मिळालेली सत्ता, कायद्यानं मिळालेली सत्ता, आणि या माणसात काहीतरी विलक्षण आहे असं लोकांना वाटतं म्हणून मिळालेली सत्ता. दोन्ही शब्द कानाला जवळचे. आपल्या वर्तमानपत्रांनी फारसी भांड्यात ग्रीक माल भरला आणि ‘करिश्माई नेतृत्व’ तयार झालं. तुम्हाला मतमोजणी आठवते ती त्यामुळे.

शब्द चूक आहे असं मी म्हणणार नाही, तो रुळला आहे. पण नटाबद्दल वापरला की नट नेमकं काय करतो ते झाकलं जातं. चमत्कार म्हटलं की प्रश्न संपला.

जुना प्रेक्षक

आपल्याकडे शब्दांना तोटा नाही, फक्त प्रत्येकाचा पदार्थ वेगळा आहे.

रुबाब म्हणजे चालण्या-बसण्यात, कपडे वागवण्यात दिसतो तो. दरारा दिसत नाही, समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटतो. वाघाचा दरारा असतो, मोराचा रुबाब असतो. वचक त्याच्याही पुढचा. हेडमास्तर रजेवर असले तरी शाळेत वचक राहतो. ऐट थोडी पोकळ असली तरी चालते. दबदबा संस्थेचाही असू शकतो. ‘पर्सनॅलिटी आहे’ हे तर आपण मराठीच करून टाकलंय, त्यात उंची आणि खांदे येतात.

आता नट घ्या. ‘आयर्न मॅन’मधला (2008) रॉबर्ट डाउनी ज्युनियर ऐटीवर उभा आहे. तोंडाची टकळी, चष्मा, समोरच्याला वाक्य पुरं करू न देणं. ‘ब्लॅक पँथर’मधला राजा, चॅडविक बोसमनचा टचाला, याच्या अगदी उलट. तो कमी बोलतो, हळू बोलतो आणि दुसऱ्याचं ऐकून घेतो. तो रुबाब आहे, आणि सिंहासनावर बसल्यावर थोडा दरारा. दोघांनाही ‘करिश्मा’ म्हणून मोकळं झालात तर फरकच पुसला गेला.

जुन्या नाट्यशास्त्रवाल्यांनी ही वर्गवारी केव्हाच केली आहे. धीरोदात्त म्हणजे गंभीर आणि थोर मनाचा, धीरललित म्हणजे विलासी, धीरोद्धत म्हणजे गर्विष्ठ, धीरप्रशांत म्हणजे शांत स्वभावाचा. टचाला धीरोदात्त, त्याबद्दल वाद नको. डाउनीचा नायक उद्धत म्हणून येतो आणि पुढं उदात्ताकडे सरकतो. धीरप्रशांत सुपरहिरो मला अजून भेटलेला नाही. ‘मृच्छकटिका’तल्या चारुदत्ताला मुखवटा कोण चढवणार?

कोपरीकर

ठाण्यात बसून ही चर्चा करताय आणि डॉ. घाणेकरांचं नाव अजून नाही? हिरानंदानी मेडोजमधल्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे ते काशिनाथ घाणेकर. पेशानं दातांचे डॉक्टर, रंगमंचावर संभाजी आणि ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या. वडील सांगायचे, लाल्या आला की शिट्ट्यांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं जायचं. नाटकाला शिट्ट्या, तेही आपल्या मध्यमवर्गीय प्रेक्षकाच्या!

नाटकवाल्यांकडे यासाठी दोन नेमके शब्दप्रयोग आहेत : एंट्रीची टाळी आणि एक्झिटची टाळी. एंट्रीची टाळी नटाच्या नावाला मिळते, त्यानं अजून काहीच केलेलं नसतं. एक्झिटची टाळी त्या प्रवेशात कमवावी लागते. आजचे ॲक्शनपट नव्वद टक्के एंट्रीच्या टाळीवर चालतात. आधी बूट, मग पाठ, मग धूर, मग स्लो मोशन. सगळी मेहनत दिग्दर्शकाची आणि संगीतकाराची. हिरोनं फक्त वळायचं. एक्झिटची टाळी घेऊ शकणारा नट असेल तर मी त्याला तुमचं करिश्मा-बिरिश्मा जे काय असेल ते देईन.

सानपाडा लोकल

सामान्य जनता काय म्हणते सांगू? ‘भाव खाऊन गेला.’

जपून वापरा मात्र. ‘तो भाव खातो’ म्हणजे शिष्ट आहे, फोन उचलत नाही. ‘तो भाव खाऊन गेला’ म्हणजे सगळ्यांच्या नजरा त्यानं पळवल्या. एका ‘जाणे’नं निंदेची स्तुती झाली. आणि हे बहुतेकदा मुख्य नायकाबद्दल म्हटलंच जात नाही. नायकानं भाव खाणं अपेक्षितच असतं, दुसऱ्या कुणी खाल्ला की बातमी होते. ‘ब्लॅक पँथर’मध्ये मायकल बी. जॉर्डनचा खलनायक किलमाँगर भाव खाऊन जातो. ‘मिन्नल मुरली’ या मल्याळी सुपरहिरोपटात (2021) टोविनो थॉमस नायक, पण घरी परतताना डोक्यात राहतो तो खलनायक झालेला गुरु सोमसुंदरम. वीज दोघांवर पडते, शक्ती दोघांना मिळते, फक्त गाव एकालाच जवळ करतं. आता ‘घरी परतताना’ म्हणालो खरं, पण पिक्चर नेटफ्लिक्सवर आला होता. सोफ्यावरून पलंगापर्यंत परतताना म्हणा.

कोशवेडा, वाशी

दुसऱ्या शब्दाकडे येतो. ‘प्रतिनिधी’ मराठीत राजकीयच आहे, आणि जुना आहे. राजाराम महाराजांनी जिंजीला असताना हे पद प्रल्हाद निराजींना दिलं. पुढं औंधचे पंतप्रतिनिधी झाले. अर्थ स्वच्छ : राजाच्या जागी, राजाच्या वतीनं काम पाहणारा. मग वर्तमानपत्रात ‘आमच्या प्रतिनिधीकडून’, मग लोकप्रतिनिधी. सगळीकडे भाव एकच, कुणाच्या तरी वतीनं.

शेजारचा शब्द ‘प्रातिनिधिक’. प्रातिनिधिक कविता, प्रातिनिधिक नमुना. भाताचं एक शीत पाहून बाकीच्याचा अंदाज बांधायचा.

सिनेमाबद्दल बोलताना या दोन्ही अर्थांची सरमिसळ होते, शिवाय तिसरा अर्थ ‘चित्रण’ खाली दबून राहतो. एखादा समाज पडद्यावर आहे का, हा एक प्रश्न. कसा दाखवलाय, हा वेगळा. मोजदाद आणि चित्रण वेगळी ठेवलीत तर कट्ट्यावर निम्मी भांडणं होणार नाहीत.

ऐरोलीची

निम्मी भांडणं झाली पाहिजेत, काका.

तुम्ही सगळे रुबाब आणि दराऱ्याबद्दल छान बोललात, पण यादी परत वाचा. बाईसाठी आपण काय म्हणतो? तोरा, नखरा, ठसका. ठसक्याला लावणीचा वास, तोऱ्याला टोमण्याचा, नखऱ्याबद्दल बोलायलाच नको. बाईचा दरारा असू शकतो, पण तो सासूचा किंवा मुख्याध्यापिकेचा. म्हणजे तरुण नसलेल्या बाईचा. बावीस वर्षांच्या मुलीचा दरारा, असं वाक्य तुम्ही कधी बोललात?

म्हणून ‘सैराट’मधली (2016) आर्ची बुलेटवरून आली तेव्हा लोक गडबडले. तिच्यासाठी ठसका पुरेना, नखरा तर अजिबात नव्हता. पोरं म्हणायला लागली, ‘काय रुबाब आहे!’ एका नटीनं पुरुषांच्या खात्यातला शब्द उचलून आणला. रिंकू राजगुरू अकलूजची, बोलणं तिथलंच. पुण्या-मुंबईकडच्या नायिकेला तो रुबाब शिकवून आला असता असं मला वाटत नाही.

‘लोका’ (2025) बघा. कल्याणी प्रियदर्शनची चंद्रा फारशी बोलत नाही, हसत नाही, आणि खोलीत आली की हवा बदलते. कथा कल्लियनकाट्टु नीली या केरळातल्या यक्षीच्या दंतकथेवर बेतलेली. ज्या बाईला गोष्टींमध्ये लोक घाबरत आले तिलाच नायिका केलं, तोच दरारा तिच्याकडे ठेवला, फक्त बाजू बदलली. याला मी प्रतिनिधित्व म्हणणार नाही. ती कुणाच्या वतीनं आलेली नाही.

माझा मुद्दा तोच आहे. प्रतिनिधी म्हणून लिहिलेलं पात्र पडद्यावर मरतं. त्याला चुकायची, चिडायची, मूर्खपणा करायची मुभा नसते, कारण मागं अख्खा समाज उभा असतो. ‘वंडर वुमन’ (2017) मला आवडला तो गाल गॅडोटची डायना आइस्क्रीम खाऊन खूश होते म्हणून. स्त्रीजातीच्या वतीनं आइस्क्रीम कुणी खात नाही.

जुना प्रेक्षक

मान्य, पण अर्धंच. ‘ब्लॅक पँथर’ (2018) आला तेव्हा अमेरिकेतली काळी मुलं तो बघायला गेली ती आधी आपल्यासारखं कुणी पडद्यावर दिसतं म्हणूनच. 1998 मध्ये वेस्ली स्नाइप्सचा ‘ब्लेड’ येऊन गेला होता, नायक काळाच होता, रुबाबही कमी नव्हता. तरी तेव्हा असं काही झालं नाही. म्हणजे एकट्या नटाच्या रुबाबानं भागत नाही. वाकांडा हा अख्खा काल्पनिक आफ्रिकी देश लागला : राज्य, पोशाख, भाषा. त्यातली भाषा खरी आहे, दक्षिण आफ्रिकेतली खोसा. ‘सिव्हिल वॉर’मध्ये (2016) टचालाच्या बापाचं काम करणाऱ्या जॉन कानींची ती मातृभाषा, तिथून ती वाकांडाची झाली. पोशाखांसाठी रुथ कार्टर आणि कलादिग्दर्शनासाठी हॅना बीचलर यांना ऑस्कर मिळालं. टचालाचा रुबाब या सगळ्यावर उभा आहे.

ऐरोलीची

आणि बोसमननं टचाला आफ्रिकी धाटणीनंच बोलेल असा आग्रह धरला होता, ते विसरू नका. ब्रिटिश उच्चार केला असता तर तोच पोशाख भाड्याचा वाटला असता. हा निर्णय नटाचा. तुमचं राज्य आणि माझा नट, दोन्ही लागलं असं म्हणूया.

सानपाडा लोकल

उच्चारावरून आठवलं. हिंदी पिक्चरमध्ये मराठी माणूस वर्षानुवर्षं हवालदार नाहीतर धुणंभांड्याची बाई. कोशवेड्यांचं ‘प्रातिनिधिक’ ते हेच. मग 2011 मध्ये ‘सिंघम’ आला. इन्स्पेक्टर मराठी, पण नट अजय देवगण आणि मूळ पिक्चर तमिळ. तरी ‘सटकली’ हे क्रियापद देशभर गेलं. बरेली-पाटण्यातली पोरं मराठीत चिडायला लागली. याला काय म्हणायचं? माणूस आपला नाही, राग आपला.

कोशवेडा, वाशी

यालाच प्रतिनिधित्व म्हणायचं! दुसऱ्याच्या वतीनं चिडणं. शब्दाचा इतका चोख वापर मी पाहिला नव्हता.

कोपरीकर

विषय फाटतोय, पण ‘सुपरहिरो’लाच मराठी शब्द आहे का? ‘महानायक’ वर्तमानपत्रांनी बच्चनना देऊन टाकलाय. ‘अतिमानव’ तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात बरा.

ऐरोलीची

‘महामानव’ हा पर्याय कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगते : तो बाबासाहेबांचा आहे. 6 डिसेंबरला नाक्यानाक्यावर ‘महामानवास अभिवादन’ लागतं. मराठी कानाला त्याचा दुसरा अर्थ उरलेला नाही, उरूही नये. सुपरहिरोच राहू दे. शक्तिमानच्या वेळी कुणाचं अडलं नव्हतं.

जुना प्रेक्षक

एक शब्द राहिला : लकब. अरबीत लकब म्हणजे बिरुद, उपाधी. मराठीत ती माणसाची बोलण्याचालण्याची खास तऱ्हा झाली. शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठी घरातला बस कंडक्टर रजनीकांत झाला तो लकबींवर. गॉगल फिरवणं, केसांतून हात, चालता चालता वळणं. त्याची नक्कल गल्लीतलं पोर करू शकतं, म्हणून तो त्या पोराचा वाटतो. करिश्म्याची नक्कल कशी करणार? लकबीची होते.

ऐरोलीच्या बाई, तुमचा प्रतिनिधी पडद्यावर मरतो तो लकब नसल्यानं. बघा पटतंय का.

ऐरोलीची

पटतंय. ‘बाई’ मात्र नको, सव्वीस वर्षांची आहे.

नौपाडाकर

फलक बदलला. आता असा आहे : ‘सुपरहिरो : कोण दिसतं, कसं दिसतं आणि कोण भाव खाऊन जातं?’ मित्र म्हणतो, फारच बोलीभाषा झाली, पाहुणे वक्ते नाराज होतील. त्यांना फोन केला तर ते हसले आणि म्हणाले, शेवटचा प्रश्न पहिला घ्या. कोपरीकर, तुम्ही येताय ना? एक्झिटच्या टाळीवर दहा मिनिटं तुमच्या नावावर टाकली आहेत.

कोपरीकर

येतो. एंट्रीला कुणी वाजवली तर निघून जाईन.