पंधरा हजारांत ख्याल ऐकायला स्पीकर?

खोली १० बाय १२ फूट. बाबांचा सीडी प्लेअर अजून ठणठणीत आहे, रोज पहाटे त्यावर ख्याल ऐकतो. पण साउंडबारवर तबल्याचा डग्गा नुसता घुमतो आणि तानपुरा पार हरवतो. काय घेऊ?

— अँप्लिफायर आतच असलेले बुकशेल्फ (फळीवर मावणारे छोटे) स्पीकर घ्या. एडिफायर आर१२८०टी बघा: ४ इंची वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर), ४२ वॅट, सीडी प्लेअर थेट जोडता येतो. वॅटच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका.

— आणि कोपऱ्यात ठेवू नका! माझे भिंतीला चिकटलेले होते. दीड फूट पुढे ओढले, ट्वीटर (वरच्या स्वरांचे छोटे स्पीकर) कानाच्या उंचीवर आणले, तेव्हा तानपुऱ्याच्या जोडाच्या (मधल्या दोन) तारा स्वच्छ ऐकू आल्या.

— आभार. आपली सीडी घेऊनच दुकानात जातो.