रीफ टाकीतले उपद्रवी जीव: तुमच्याकडे काय निघालं, कशाने गेलं?

कोकणात रीफ टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, सांभाळणारे आपण थोडेच. टाकीत काय निघालं, कसं ओळखलंत, काय केलंत, ते सविस्तर लिहा. माझा आग्रह एकच: नाव कळल्याशिवाय औषध टाकू नये.

रत्नागिरी
ऐपटेशिया. तपकिरी, काचेसारखा देठ, वर टोकदार शुंडके. हात नेला की क्षणात बिळात. ओहोटीला खडकांवर दिसणाऱ्या समुद्रफुलांचाच भाऊबंद. खरवडायला जाऊ नका, तळाचा कपटा राहिला तरी त्यातून नवं उगवतं. मी पंप बंद करून कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट सिरिंजने थेट तोंडावर घालते. हा चुनाच, पण पानाच्या डबीतला नको, शुद्ध पावडर आणा. एका वेळी थोडेच मारा, नाहीतर पीएच चढतो.

फार पसरलं असेल तर पेपरमिंट कोळंबी सोडा, ती ते खाते. घेताना नीट बघा: पाठीला कुबड, मोठे डोळे, लाल अंगावर पांढरे पट्टे असतील तर ती कॅमल कोळंबी, ती प्रवाळच कुरतडते. बर्गिया नावाची समुद्री गोगलगाय तर ऐपटेशियाशिवाय काही खात नाही. ते संपलं की तिची उपासमार, म्हणून पुढे कोणाला द्यायची ते आधीच ठरवा.

अलिबाग
रात्री लाल टॉर्च लावून बघा. गुलाबी, केसाळ किडा दिसला म्हणून घाबरू नका, ब्रिसल वर्म बहुतेक वेळा उरलेलं अन्नच खातो. उघड्या हाताने मात्र धरू नका. केस रुतले तर चिकटपट्टीने निघतात.

देवगड
माझ्याकडे तांबूस चपटे किडे होते, वाळूवर गंजाचे डाग पडल्यासारखे. हे मरताना विष सोडतात. म्हणून औषधाआधी नळीने जमतील तेवढे ओढून काढले. औषधानंतर विष शोषून घ्यायला कार्बन लावला आणि बरंचसं पाणी बदलायला तयार ठेवलं होतं. जून-जुलैत हे काम काढू नका. ऐन वेळी लाईट गेली तर हवा बंद आणि मासे धोक्यात.

@देवगड, सिक्सलाइन रास (किडे खाणारा छोटा मासा) सोडून फरक पडला का? माझा खातो, पण सगळे संपवत नाही. – वेंगुर्ला

नाही, दादा. पोट भरलं की तो बघतही नाही. – देवगड

मालवण
दोन गोष्टी कळकळीने सांगते. झोॲन्थिड (समुद्रफुलांसारखे, झुबक्याने वाढणारे प्रवाळांचे भाऊबंद) असलेला खडक कीड मारायला कधीही उकळू नका. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं, ते वाफेबरोबर श्वासात गेलं तर माणसाच्या जिवावर बेततं. आणि आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळ उचलू नका. दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, शिवाय इथे सागरी अभयारण्य आहे.

प्रवाळाचा नवीन तुकडा आणलात तर आधी डिप करा, म्हणजे कीड काढणाऱ्या द्रावणात थोडा वेळ बुडवा, मग वेगळ्या टाकीत ठेवा. डिपने किडे पडतात, अंडी चिकटून राहतात. तुकड्याचा तळ भिंगाने बघा आणि अंडी ब्लेडने खरवडून काढा.