सिरॅमिक कढईचा चिकट राप कसा काढलात? इंदूरकरांनो, वस्तीचं नाव टाकून आपापले अनुभव लिहा

सुरुवात मीच करते. भावजयीने दिलेली पिस्ता रंगाची सिरॅमिक कढई. पहिले चार महिने भुट्ट्याचा कीस (किसलेला मका, दुधात शिजवलेला) असा सुटायचा की दुधाचा डाग राहत नसे. पावसाळ्यात भुट्टे स्वस्त झाले, कीस दिवसाआड होऊ लागला, आणि आता तळाला चहाच्या रंगाचा राप आहे. नखाने खरवडलं तर डिंकासारखा नखात येतो. साबणाने हात दुखले, राप तिथेच. ऐकीव नको, स्वतः केलेलं सांगा.

रामबाग
ताई, ते अन्न नाहीच, तेल आहे. तापून तापून ते वार्निशसारखं वाळतं, म्हणून साबण त्याला काही करत नाही. मी तीन चमचे खायचा सोडा एक चमचा पाण्यात कालवला, गार कढईत थापला आणि अर्धा तास विसरले. मग ओल्या मऊ फडक्याने गोल गोल. पहिल्या वेळी फडकं पिवळं, कढई जशीच्या तशी! तिसऱ्या वेळी तळ दिसला. एका बैठकीत होईल असं समजू नका. आणि तापलेल्या कढईवर गार पाणी ओतू नका, माझ्या जुन्या तव्याच्या लेपाला तशानेच बारीक तडे गेले.

सुदामा नगर
मी सोडा आणि व्हिनेगर एकदमच घातलं. भसाभस फेस आला, मुलं खूश. निघालं काहीच नाही. शाळेत रसायनशास्त्र शिकवते, तरी हे केलं, हसू नका. आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात, कढईच्या वाट्याला नुसतं खारट पाणी. एका वेळी एकच वापरा.

बायपासकडची कॉलनी
आमच्याकडे नळाला नर्मदेचं पाणी नाही, बोरिंगचं आहे. त्यामुळे तपकिरी नाही, पांढरट धुरकट थर येतो. तो क्षारांचा. त्यावर सोडा फुकट. पाण्यात लिंबू पिळून दहा मिनिटं ठेवलं की जातो. आधी रंग बघा, मग औषध ठरवा.

लोकमान्य नगर
मी गुन्हेगार. बायको देवासला माहेरी, मी ऑम्लेट करपवलं आणि तारेची घासणी मारली. काय चकाकला पॅन! दुसऱ्या दिवशी धिरडं टाकलं, ते उचलताना चार तुकडे. उजेडात तिरका धरला तेव्हा ओरखडे दिसले. आता तो गच्चीवर चिमण्यांच्या पाण्याला आहे. बायकोने अजून विषय सोडलेला नाही.

स्नेहलतागंज
बाळांनो, काढायचं कसं ते सगळे सांगताहेत, साचतं कशाने ते मी सांगते. टेफ्लॉन 260 अंशांच्या पुढे खराब होतं, सिरॅमिक त्याहून जास्त सोसतं, हे दुकानदाराने सांगितलं की आपण मोठा गॅस लावून मोकळे. लेप सोसतो हो, तेल नाही सोसत! फोडणीला तेल धुरावलं की त्याच दिवशी रापाचा पहिला हात बसतो. तेलाच्या फवाऱ्याची बाटलीही मी बंद केली. फवारा कडांवर बसतो, तिथे पदार्थ नसतो, नुसतं तेल जळतं. मंद आच, चमचाभर तूप, लाकडी उलथणं. फोडणी लोखंडी पळीत करून वरून घालते.

पुन्हा मीच
रामबागेची कृती रविवारी केली. तळ दोन वेळांत निघाला. दांड्याच्या रिव्हेटभोवतीचं कडं मात्र हटेना, तिथे जुना टूथब्रश आणि सोडा. कडेचा एक पट्टा पांढऱ्या मेलामाइन स्पंजने हलकासा घासला. तो स्पंजही बारीक पॉलिश पेपरच म्हणायचा, रोज नको. रंग पिस्त्याचा परत आला. सोमवारी मंद आचेवर कीस टाकला. पूर्वीसारखा घसरत नाही, एका जागी जरा धरतोय. तेवढी जागा मी आता उलथण्याने सारखी हलवते.