कामूच्या अरबाला नाव का नाही?

उंटावरचा शहाणा:
अल्बेर कामू या फ्रेंच लेखकाची 'पाहुणा' (१९५७) ही कथा परवा पुन्हा वाचली. अल्जीरियाच्या पठारावर एकटी शाळा, बाहेर बर्फ. मास्तरचं नाव दारू (हसू नका, खरंच आहे). पोलीस बाल्डुच्ची एका कैद्याला दोरीने बांधून मास्तरच्या हवाली करायला आणतो. मास्तरला नाव, पोलिसाला नाव, कैदी मात्र शेवटपर्यंत नुसता 'अरब'. चुलतभावाला मारलंय, बहुधा उसन्या धान्यावरून. पोलिसालाही नक्की ठाऊक नाही. कामूच्या १९४२च्या 'द आउटसायडर' कादंबरीतही गोळ्या खाणारा अरब निनावीच. त्याला मुसा हे नाव मिळायला २०१३ साली अल्जीरियन लेखक कमेल दाऊदची अख्खी कादंबरी यावी लागली. अरबांचा ठरीव साचा म्हटलं की आपण सुरा आणि उंट शोधतो. बिननावाचा माणूस हा साचा नाही?

तळटीप:
साफ असहमत. ती नजर वसाहतीची आहे, कामू ती दाखवतोय. फळ्यावर काय काढलंय ते विसरलात? फ्रान्सच्या चार नद्या, रंगीत खडूंनी, अल्जीरियातल्या पोरांसाठी! आणि शेवटी त्याच नद्यांमध्ये कुणीतरी धमकी लिहून जातं: आमच्या भावाला पकडून दिलंस. शिवाय मूळ फ्रेंच शीर्षकाचा अर्थ पाहुणाही होतो आणि यजमानही. कोण कुणाच्या घरात, हाच तर प्रश्न.

उंटावरचा शहाणा:
नद्या मान्य. पण 'आमचा भाऊ' म्हणणारेही त्याचं नाव घेत नाहीत. तिथे तर नजर मास्तरची नाही ना?

निशाचर:
कामूला कशाला धरता? साचा बघायचा तर कॉनन डॉईलची शेरलॉक होम्स-कथा 'स्पेकल्ड बँड' (१८९२) घ्या. हिंदुस्थानातला साप बशीतलं दूध पितो, शिट्टी ऐकून दोरावरून परत येतो. (दुधाबद्दल आपण गप्प बसावं, नागपंचमी आठवा.) आवारात हिंदुस्थानातून मागवलेला चित्ता आणि बबून. बबून, म्हणजे आफ्रिकेतलं माकड, आपल्याकडे! खुनी इंग्रज डॉक्टर, पण त्याचा राग वाढला म्हणे उष्ण प्रदेशात राहून.

तळटीप:
हा मुद्दा पटला. डॉईलला फक्त भीती हवी होती, देश कुठलाही चालला असता.

उंटावरचा शहाणा:
आणि अमेरिकन लेखक पॉल बोल्स? मोरोक्कोतल्या टँजियरमध्ये पन्नासेक वर्षं काढली, तरी त्याच्या कथेत वाळवंटी टोळी प्राध्यापकाची जीभच कापते.

तळटीप:
त्याच बोल्सने मोरोक्कन कथाकार मोहम्मद म्राबेतच्या तोंडी गोष्टी टेप करून इंग्रजीत आणल्या. एकाच माणसाचं आहे हे दोन्ही.

उंटावरचा शहाणा:
म्हणूनच तर जास्त टोचतं.