तीस हजारात कन्सोल कुठला घ्यावा? (सांगली)

नळभाग_७७: मंडळी, पोरगा आठवीत आहे, टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, सोनीचा प्लेस्टेशन नाहीतर मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, पाहिजेच म्हणून डोकं खातोय. बजेट ३० हजार, वर एक रुपया नाही. घरात टीव्ही एकच आणि संध्याकाळी ७ ते १० आईच्या मालिका. यूट्यूबवर एक म्हणतो एक्सबॉक्स संपला, दुसरा म्हणतो सोनी लुटते. काय घेऊ?

मिरज_जंक्शन: डोळे झाकून पीएस फाइव्ह (प्लेस्टेशन ५), डिस्कवाला. २०२१ ला भारतात आला तेव्हा ४९,९९० होता, मी ब्लॅकने ६३ ला घेतला, आजपर्यंत एक तक्रार नाही.

नळभाग_७७: दादा बजेट ३० आहे.

मिरज_जंक्शन: वाढवा की थोडं, एकदाच तर घ्यायचंय.

पोवईनाका: एकदाच कसलं, खरा खर्च तिथनं पुढं. मशीन हे लोक बऱ्याचदा जेमतेम भावात नाहीतर तोट्यात विकतात आणि गेममधनं वसूल करतात, दुसऱ्या कंपनीचा गेम ह्यांच्या ऑनलाइन स्टोअरवर विकला तरी साधारण ३० टक्के ह्यांचे. म्हणून तर बिनडिस्कचं मॉडेल स्वस्त असतं, ते घेतलं की जुन्या गेमची घेवाणदेवाण बंद, त्यांच्याच दुकानात उभं राहायचं. मी ५ हजाराचा गेम संपवून साडेतीनला विकतो.

भडंग_प्रेमी: एक्सबॉक्सचा सिरीज एस घ्या, २०२० ला ३४,९९० ला निघालेला, सेकंडहँड बजेटात बसेल. गेम पास, म्हणजे त्यांची वर्गणी, भरली की शेकडो गेम. मायक्रोसॉफ्टने २०२३ ला ६९ अब्ज डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ही गेम बनवणारी कंपनी घेतली ती काय उगाच?

पोवईनाका: घेतली, आणि आता स्वतःचेच गेम सोनीवर विकतायत. त्यांचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम फोर्झा होरायझन ५ सुद्धा २०२५ ला पीएस फाइव्हवर आला. मग एक्सबॉक्स घ्यायचा कशाला? सिरीज एसला डिस्क पण नाही.

भडंग_प्रेमी: अहो त्यांना डबा विकायचाच नाही आता, वर्गणी विकायचीय. डिशवाल्यांचं कसं, छत्री स्वस्तात आणि रिचार्ज जन्मभर.

गावभाग_पूर२०१९: काहीही घ्या पण खालच्या मजल्यावर ठेवू नका. माझा पीएस टू आणि पन्नासेक डिस्का पुरात गेल्या. तसलं मशीन परत झालं नाही बघा, १५ कोटींच्या वर विकला गेला, त्यात डीव्हीडी पण चालायची ना, आमच्या वडिलांनी पिक्चर बघायला म्हणूनच घेतलेला.

कुपवाड_एमआयडीसी: आधी यूपीएस घ्या, लाइटचा भरवसा नाही. बाकी पहिला आला तो जिंकला असं नसतं. एक्सबॉक्स ३६० सोनीच्या वर्षभर आधी, २००५ लाच आला, पण लाल दिवे लागून मशीनं बंद पडायचा घोळ झाला आणि २००७ ला वॉरंटीपोटी १ अब्ज डॉलरच्या वर बाजूला काढायला लागले. तरी टिकला, कारण सोनीने पीएस थ्रीच्या मोठ्या मॉडेलला ५९९ डॉलर लावले.

मिरज_जंक्शन: विषय काय चाललाय? पीएस फाइव्ह घ्या.

नळभाग_७७: सगळ्यांचे आभार. मेव्हण्याने मुंबईहून जुना निन्टेन्डो स्विच आणला, १७ हजार. पोरगा आजीशेजारी बसून हातातच खेळतोय, मालिकेला धक्का नाही.

पोवईनाका: स्विच?? निन्टेन्डो भारतात अधिकृत विकतच नाही, वॉरंटी कोण देणार? आणि त्यांच्या गेमचे भाव वर्षानुवर्षं उतरत नाहीत.

भडंग_प्रेमी: असू द्या हो. बाकीचे दोघं ताकदीवरनं भांडत बसले, निन्टेन्डोने २०१७ लाच, स्विच काढताना, ओळखलं की टीव्ही मोकळा नसतो.

मिरज_जंक्शन: १३ उरले ना? त्यात थोडे घाला, पीएस फाइव्ह येतो.