उणे ७ भागिले २ किती? सीचा अर्थ खरा की पायथनचा?

कापूसकाटा:
नमस्कार मंडळी. हिंगणघाटपासून पंधरा किलोमीटरवर आमचं गाव. बीएस्सी झाल्यापासून एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. तिथला जुना प्रोग्रॅम सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत होता. कॉम्प्युटर बदलला तेव्हा मी तो ओळीला ओळ लावून पायथन या दुसऱ्या भाषेत उतरवला.

हिशेब साधा. ओलावा ८ टक्के धरायचा, वर गेला की दर ०.२ टक्क्यामागे क्विंटलला २०० ग्रॅम कपात. दशांशाची कटकट नको म्हणून ओलावा दहापटीत ठेवलाय, म्हणजे ८.६ ला ८६. त्यातून ८० वजा, भागिले २, पूर्णांकात. दिवाळीपासून पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा ओला माल आला. शंभरेक गाड्या जुन्या प्रोग्रॅमशी ताडून पाहिल्या, एका ग्रॅमचा फरक नाही. मी खूश.

फेब्रुवारीत फरदडीचा खडखडीत सुका कापूस आला. मीटर ७.३. म्हणजे ७३ वजा ८०, उणे ७. जुना प्रोग्रॅम म्हणतो उणे ३, माझा म्हणतो उणे ४. कपात उणे म्हणजे वाढ. जुना क्विंटलला ६०० ग्रॅम वाढवून द्यायचा, माझा ८००. वीस क्विंटलच्या गाडीला ४ किलो जास्त. मुनीमजींनी पकडलं. सेठ जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रात्री बाबांना सांगितलं तर म्हणाले, "एकाच भागाकाराचे दोन उत्तरं कसे काय येते बाप्पा?" मला काही सांगता आलं नाही. शोधलं तर प्रोग्रॅमचा गणिती अर्थ लावायचा अख्खा विषयच आहे म्हणे, फॉर्मल सिमँटिक्स. पण प्रोग्रॅमचा अर्थ म्हणजे तो चालवल्यावर जे होतं ते, एवढंच ना? त्यात वेगळं गणित कशाला?

झटपट_कोडर:
साध्या भागाकाराला पायथनचं इंट लाव भाऊ, शून्याकडे कापून देतो. विषय संपला.

कापूसकाटा:
तेवढं त्याच रात्री केलं दादा. बाबांना काय सांगू ते विचारतोय.

गणित_मास्तर:
काटेवाले भाऊ, तुमच्यापेक्षा तुमच्या बाबांचा प्रश्न नेमका आहे.

'चालवल्यावर जे होतं ते' म्हणता, पण कोणत्या कंपायलरवर, म्हणजे सीचा प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कोणत्या प्रोग्रॅमवर? सीच्या १९८९ च्या प्रमाणात, म्हणजे भाषेचे नियम ठरवणाऱ्या स्टँडर्डमध्ये, उणे संख्येचा भागाकार कुठल्या बाजूला कापायचा ते कंपायलर बनवणाऱ्यावर सोडलं होतं. उणे ३ आणि उणे ४, दोन्ही चालत. शून्याकडेच कापायचं हे १९९९ च्या प्रमाणात पक्कं झालं. म्हणजे तीच ओळ, तीच भाषा, आणि त्याआधी तिला एक असा अर्थच नव्हता.

चिन्ह वेगळं आणि चिन्हाचा अर्थ वेगळा. सिमँटिक्स म्हणजे भाषेतल्या प्रत्येक रचनेला एक गणिती वस्तू नेमून देणं. सीतल्या तिरप्या रेघेला एक फलन (फंक्शन) नेमलंय, पायथनच्या दुहेरी रेघेला दुसरं, ते नेहमी खाली उतरतं. भाज्य बरोबर भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी, हे दोन्ही पाळतात. तुमच्या उदाहरणात सीची बाकी उणे १, पायथनची अधिक १. गणित कोणाचंच चुकलं नाही. शून्य आणि त्याच्या वर दोन्ही फलनं तंतोतंत एक आहेत, म्हणून तुमच्या शंभर ओल्या गाड्या मुक्या राहिल्या. हजार केल्या असत्या तरी मुक्याच.

पण माझ्या मते खरी गंमत लूपची, म्हणजे परत परत चालणाऱ्या ओळींची. 'न शून्य होत नाही तोवर त्यातून १ वजा कर.' याचा अर्थ काय? 'एक फेरा मार, मग परत हाच लूप' असं म्हटलं तर ज्याची व्याख्या करायची तोच शब्द व्याख्येत आला. ऑक्सफर्डला डेना स्कॉट आणि ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी १९७० च्या आसपास याला गणिती पाया दिला. अंदाजांची माळ घ्या. पहिल्या अंदाजाला काहीच ठाऊक नाही. दुसऱ्याला फक्त ० चं उत्तर ठाऊक. तिसऱ्याला ० आणि १ चं. पुढचा अंदाज मागच्याचं काही खोडत नाही, फक्त भर घालतो. सगळ्यांची मिळून जी सीमा, तो लूपचा अर्थ. न उणे असेल तर कुठल्याच अंदाजाला उत्तर सापडत नाही. त्या 'उत्तरच नाही'ला बॉटम म्हणतात.

एकेका पायरीचे नियम लिहून अर्थ सांगायची पद्धतही आहे, गॉर्डन प्लॉटकिन यांच्या १९८१ च्या टिपणांतली. ती आत्ता सोडा. तुमच्या कामाची टोनी होअर यांची, १९६९ ची. ओळीच्या आधी काय खरं आहे आणि नंतर काय खरं असायला हवं, दोन्ही लिहायचं. फ्लोचार्टवर हेच रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ साली केलं होतं. सेठकडून 'नंतर काय हवं' ते लिहून घ्या.

कापूसकाटा:
सर, लूपचं मी असं समजलो. ओलीत करताना पाणी एका सरीतून दुसरीत जातं, भिजलेली सरी परत कोरडी होत नाही. पण पाइपाच्या वरच्या अंगाच्या सऱ्या कितीही वेळ मोटार चालवली तरी कोरड्याच. त्या उणे संख्या. बरोबर?

आणि सेठकडे कागद घेऊन गेलो. आधी: मीटर कितीही. नंतर: कपात किती? सेठ म्हणाले, "सुक्या मालाले वाढ देतो असं मी कवा म्हटलं? सुक्याले कपात नाही, बस." म्हणजे जुना प्रोग्रॅम इतकी वर्षं ६०० ग्रॅम वाटत होता आणि कोणाला पत्ताच नाही. झटपटदादा, तुमचं इंटही चुकीचं निघालं. आता शून्याच्या खाली गेलं की शून्यच धरतो.

झटपट_कोडर:
शेतकऱ्यांचे ६०० ग्रॅम गेले ना मग! कशाला कागद नेला बावा.

कापूसकाटा:
बाबा पण तेच म्हणाले. आमचाही कापूस तिथेच जातो.

गणित_मास्तर:
सऱ्यांचं बरोबर. फक्त 'कितीही वेळ' म्हणजे खरंच कितीही, लाइट जात नाही असं धरून.

कापूसकाटा:
ते आमच्याकडे धरता येत नाही सर. शेवटचं विचारतो: कधीकधी मीटर काहीच आकडा देत नाही, स्क्रीनवर एरर येतो. तो बॉटम का?

गणित_मास्तर:
नाही. एरर हे उत्तर झालं, त्याला अर्थात वेगळी जागा द्या. गाडी काट्यावर उभी आहे, स्क्रीनवर चक्र फिरतंय आणि ते थांबणारच नाही, तो बॉटम.